टॉन्सिलची शस्त्रक्रिया आणि केळापूरचं अंतर

टॉन्सिल काढल्यावर रक्तस्राव दोन वेळा होऊ शकतो. पहिला त्याच दिवशी, बहुधा पहिल्या सहा-आठ तासांत. तेव्हा मूल रुग्णालयातच असतं, सर्जन जवळपास असतो आणि भूलतज्ज्ञाला हाक मारता येते. दुसरा पाचव्या ते दहाव्या दिवसांदरम्यान. तोवर मूल घरी पोचलेलं असतं. ते घर नागपूरच्या धंतोलीत असेल तर एक गोष्ट, आणि केळापूर तालुक्यातल्या रुंझ्याला किंवा एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे पाड्यावर, असेल तर अगदी वेगळी.

तालुक्याचं नाव केळापूर असलं तरी त्याचा कारभार पांढरकवड्यातून चालतो. उपजिल्हा रुग्णालयही तिथंच आहे. नागपूर-हैदराबाद महामार्ग गावाला लागून जातो. यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ७० किलोमीटरवर, नागपूर दीडशेवर. सेवाग्राम आणि सावंगी मेघे वर्ध्याकडे. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. दिवसा, स्वतःची गाडी असेल तर हे अंतर फार नाही. रात्री दोन वाजता, मुलाच्या तोंडातून रक्त येत असताना ते फार आहे.

टॉन्सिल कोणत्या हत्यारानं काढावेत, हा वाद शंभर वर्षं चालू आहे. ऑपरेशनला किती मिनिटं लागली, टेबलावर किती मिलिलिटर रक्त गेलं, पहिल्या दिवशी किती दुखलं, यांभोवतीच बहुतेक चर्चा फिरते. तीच चर्चा केळापूरच्या बाजूनं वाचली तर प्रश्नांचा क्रम बदलतो. सातव्या रात्री काय होईल हे आधी विचारावं लागतं, बाकीचं नंतर.

घशात दोन्ही बाजूंना असलेल्या या गाठींना रक्त भरपूर मिळतं. चेहऱ्याच्या धमनीची एक फांदी मुख्य पुरवठा करते, शिवाय जीभ, टाळू आणि घशाकडून येणाऱ्या आणखी तीन-चार लहान धमन्या असतात. टॉन्सिलच्या बाहेरच्या अंगाला एक शीर असते आणि ऑपरेशनच्या वेळी त्रास बहुतेकदा तीच देते. टॉन्सिल काढल्यावर उरणाऱ्या खड्ड्याला टाके घालून त्वचेसारखं बंद करत नाहीत. जखम उघडीच राहते, तिच्यावर पांढरट थर जमतो. आईबापांना तो पू वाटतो, पण ती घशातली खपली असते. आठवड्याभरात ती सुटू लागते आणि तिच्याखालची एखादी रक्तवाहिनी नीट मिटलेली नसेल तर तिथून रक्त सुरू होतं. ऑपरेशन करताना खोलवर जितकं भाजलं असेल तितकी ही खपली जाड आणि तिचं सुटणं धोक्याचं. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ इथं आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातला एकच धागा इथं कामाचा आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस टॉन्सिल बोटानं सोडवून काढायला सांगतो, तसं न जमल्यास आकड्यानं धरून कापायला. सुश्रुतसंहितेत गलशुंडिकेवरच्या, म्हणजे सुजून लोंबणाऱ्या पडजिभेवरच्या, शस्त्रकर्माचं वर्णन आहे. चिमट्यानं धरून ओढायची आणि मंडलाग्र शस्त्रानं कापायची, पण फार नाही आणि अगदी थोडंही नाही. फार कापलं तर रक्त जाऊन माणूस दगावेल आणि कमी कापलं तर सूज राहील, असा इशारा तिथंच दिलेला आहे. तुंडिकेरी वगैरे टाळूच्या इतर विकारांचं शस्त्रकर्मही याच धर्तीवर करायला सांगितलं आहे. किती कापावं हा प्रश्न आजही जिवंत आहे, त्याकडे पुन्हा येऊच.

१८२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिझिक यांनी टॉन्सिल अडकवून छाटणारं यंत्र आणलं, पुढं लंडनच्या मोरेल मॅकेंझी यांनी ते सुधारलं. भूल नसण्याच्या किंवा अगदी जुजबी असण्याच्या काळात एका झटक्यात उरकणारं हे गिलोटिन सोयीचं होतं. १९०९ मध्ये लंडनच्या जॉर्ज वॉ यांनी टॉन्सिल त्याच्या आवरणासकट, थर सोडवत काढण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या सॅम्युअल क्रो यांनी तोंड उघडं ठेवणारं उपकरण वापरून केलेल्या एक हजार शस्त्रक्रियांचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. तोंड उघडं धरायचं, रक्त वाहणारी जागा डोळ्यांनी पाहायची आणि तिथंच रेशमी धाग्याची गाठ मारायची. आज ज्याला थंड पद्धत म्हणतात ती हीच. चिमटा, कात्री, बोथट सोडवणी, शेवटी तारेचा फास आणि धागा. आपल्याकडच्या सरकारी महाविद्यालयांत शिकणारा विद्यार्थी टॉन्सिल काढायला आधी याच पद्धतीनं शिकतो.

मग वीज आली. कॉटरीनं एकाच वेळी कापताही येतं आणि रक्तही थांबवता येतं. टेबलावर रक्त कमी जातं, वेळ वाचतो, लहान मुलात तर ते फार मोलाचं वाटतं. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ७५ मिलिलिटर रक्त असतं. १६ किलोच्या मुलात सगळं मिळून १२०० मिलिलिटर. त्यातले शंभर-सव्वाशे गेले तरी ते मोठ्या माणसाच्या अर्ध्या लिटरच्या बरोबरीचं. तेव्हा कॉटरीकडे वळलेल्या सर्जनांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पण त्यांची वही पहिल्या दिवशी मिटत होती.

दुसऱ्या आठवड्याचा हिशेब मांडला गेला तो इंग्लंडमध्ये, आणि तोही अपघातानं. वेड्या गाईच्या रोगाचं माणसातलं रूप पसरवणारं प्रथिन टॉन्सिलमध्ये सापडतं आणि ते नेहमीच्या निर्जंतुकीकरणानं नष्ट होत नाही, या भीतीनं जानेवारी २००१ मध्ये तिथल्या आरोग्य खात्यानं टॉन्सिलसाठी एकदा वापरून फेकायची हत्यारं सक्तीची केली. घाईत आणलेली ही हत्यारं हलक्या दर्जाची होती आणि कॉटरीची तर विशेष. रक्तस्राव वाढले, मृत्यूही झाले. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडनं आदेश मागे घेतला. वेल्सनं मात्र फेकायची हत्यारं सोडली नाहीत. त्यांचा दर्जा कडक तपासला, प्रत्येक रक्तस्रावाची नोंद ठेवली आणि तिथलं प्रमाण आटोक्यात आलं. दोष फेकण्याच्या कल्पनेत नव्हता, खरेदीत होता, असा याचा अर्थ मी लावतो. सरकारी खरेदी कशी होते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचं नवल वाटू नये.

त्या गोंधळातून जुलै २००३ ते सप्टेंबर २००४ या काळातली राष्ट्रीय पाहणी जन्मली. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या जवळपास ३४,००० रुग्णांची नोंद झाली. एकूण रक्तस्राव साधारण ३.५ टक्के, पुन्हा ऑपरेशन थिएटरात न्यावं लागलेले सुमारे ०.९ टक्के. पहिल्या चोवीस तासांतला रक्तस्राव अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे बहुतेक सगळं रक्त नंतर गेलेलं. शुद्ध थंड पद्धतीत, वीज अजिबात न वापरता, हे प्रमाण सर्वांत कमी. टॉन्सिल थंड हत्यारानं सोडवून रक्त थांबवण्यापुरती कॉटरी लावली तर धोका सुमारे दीडपट. सोडवणं आणि थांबवणं दोन्ही उष्ण साधनांनी केलं, मग ती कॉटरी असो वा कोब्लेशन, तर धोका सुमारे तिप्पट. वयाचाही फरक ठळक होता. पाच वर्षांखालच्या मुलांत दोन टक्क्यांच्या आत, सोळापुढच्यांत जवळपास पाच टक्के. मोठ्या माणसाला घशाचे टॉन्सिल काढणं किरकोळ वाटतं, पण रक्त जास्त त्याचंच जातं.

कोब्लेशनबद्दल थोडं सविस्तर, कारण नागपूरच्या खासगी रुग्णालयांच्या जाहिरातींत हा शब्द आता सर्रास दिसतो आणि पांढरकवड्याचे पालकही तो उच्चारतात. सलाईनमधून वीज सोडून तिथं प्लाझ्मा तयार करायचा आणि त्यानं ऊती विरघळवायच्या, अशी ही रीत. तापमान ४० ते ७० अंश, कॉटरीत ते ४०० च्या वर जातं. त्यामुळे कमी भाजतं, कमी दुखतं, असा दावा. २०१७ चा कोक्रेन आढावा हा दावा मर्यादित ठरवतो. पहिल्या दिवशीच्या दुखण्यात थोडा फायदा दिसतो, पुढं तो पुसट होतो, आणि उशिराचा रक्तस्राव कदाचित किंचित जास्तच. पुराव्याचा दर्जा कमी असल्याचंही तो आढावा सांगतो. हात बसलेल्या सर्जनाकडे कोब्लेशनचे आकडे चांगले येतात हे खरं, पण ते थंड पद्धतीबद्दलही खरं आहे. त्यात कोब्लेशनची एकदाच वापरायची महागडी वाँड, म्हणजे घशात घालायची कांडी, पुन्हा पुन्हा वापरण्याचा मोह आपल्याकडे असतो. झिजलेली वाँड नीट विरघळवत नाही, मग हात जोर लावतो. ‘लेसर’, ‘हार्मोनिक’, ‘बिनारक्ताचं’ या शब्दांनाही हेच लागू. पाटीवरचा शब्द पहिल्या दिवसाबद्दल असतो.

आकडे वाचताना एक पथ्य पाळावं लागतं. इंग्लंड साडेतीन टक्के म्हणतं आणि ऑस्ट्रिया पंधरा. २००९-१० मध्ये ऑस्ट्रियातल्या ९,४०५ रुग्णांच्या अभ्यासात थुंकीत आलेलं थोडंसं रक्तदेखील मोजलं होतं, म्हणून पूर्ण टॉन्सिल काढलेल्यांत आकडा पंधरा टक्क्यांपर्यंत गेला. या अभ्यासामागचं कारण दुःखद होतं. २००६-०७ मध्ये त्या छोट्या देशात सहा वर्षांखालची पाच मुलं टॉन्सिलनंतरच्या रक्तस्रावानं गेली. त्यानंतर तिथल्या बालरोग आणि कान-नाक-घसा संघटनांनी लहान मुलांत पूर्ण टॉन्सिल काढण्यावर मर्यादा घातली आणि शक्य तिथं अर्धवट काढायला सांगितलं. अर्धवट काढलेल्यांत त्याच अभ्यासात रक्तस्राव २.३ टक्के निघाला.

हीच ती किती कापावं याची गोष्ट. घोरणारं, झोपेत श्वास अडकणारं, तोंड उघडं टाकून झोपणारं मूल असेल तर अडचण टॉन्सिलच्या आकाराची असते. आवरण आणि त्याला चिकटलेला पातळ थर जागेवर ठेवून आतला फुगलेला भाग काढला तरी वाट मोकळी होते. घशाचा स्नायू उघडा पडत नाही, मोठ्या रक्तवाहिन्यांना हात लागत नाही, दुखतं कमी, मूल लवकर खायला लागतं. अमेरिकेत २००२ च्या सुमारास पीटर कोल्टाई यांनी मायक्रोडिब्रायडर या फिरत्या पात्याच्या हत्यारानं ही आवरणाआतली पद्धत पुढं आणली. स्वीडनमध्ये लहान मुलांत ती मोठ्या प्रमाणावर रुळली. किंमत अशी की उरलेला भाग काही मुलांत पुन्हा वाढतो आणि थोड्यांना दुसरं ऑपरेशन लागतं. मला हा सौदा केळापूरच्या घोरणाऱ्या चार वर्षांच्या मुलासाठी फायद्याचा वाटतो. तीन वर्षांनी दिवसाढवळ्या, ठरवून पुन्हा यवतमाळला जाणं परवडतं, आठव्या रात्री धावत जाणं परवडत नाही. वारंवार पिकणाऱ्या टॉन्सिलमध्ये मात्र अजून बहुतेक सर्जन पूर्णच काढतात, आणि तिथं माझं मत धागा-चिमट्याच्या बाजूचं आहे. आणखी दहा मिनिटं लागली तरी चालतील.

पण मुळात काढायलाच हवेत का? १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी झाली. ६१ टक्क्यांचे टॉन्सिल आधीच निघालेले होते. उरलेल्यांना डॉक्टरांपुढं उभं केलं, त्यांनी ४५ टक्क्यांना काढा म्हणून सांगितलं. ज्यांना नको म्हटलं त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी त्यातल्या ४६ टक्क्यांना काढा म्हटलं. तिसऱ्या फेरीतही तेच. शेवटी हजारातली ६५ मुलं उरली. सल्ला घशापेक्षा सवयीतून येत होता.

आजचा मापदंड जॅक पॅरेडाइज यांच्या १९८४ च्या अभ्यासावर उभा आहे. एका वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा खरोखर पिकलेला असावा. प्रत्येक वेळी ताप, गाठ, पू किंवा जंतूंची चाचणी यांपैकी काही नोंदलेलं असावं. पांढरकवड्याच्या बाजारात औषध घेऊन परतलेल्या मुलाच्या कागदावर या नोंदी क्वचितच असतात, तेव्हा पहिलं काम वही घालण्याचं. मोठ्यांबाबत २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीनं शस्त्रक्रियेच्या बाजूनं कौल दिला. दोन वर्षांत घसा दुखण्याचे दिवस ऑपरेशन केलेल्यांत मध्यकानुसार २३, न केलेल्यांत ३०. पण त्याच चाचणीत १९ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला. सात दिवसांच्या घसेदुखीसाठी हा धोका घ्यायचा का, हे रुग्णाला आकडे सांगूनच विचारायला हवं. उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल.

आता विदर्भाची स्वतःची बाब, जी इंग्लंड-ऑस्ट्रियाच्या आकड्यांत नाही. सिकलसेल. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा हा आनुवंशिक आजार. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं. महाराष्ट्रातल्या परधान, माडिया, भिल्ल, पावरा अशा समाजांत सिकलचा जनुक बाळगणाऱ्यांचं प्रमाण वीस ते पस्तीस टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. केळापूर हा गोंड, परधान आणि कोलामांचा तालुका. सिकलसेल असलेल्या मुलांत टॉन्सिल आणि नाकामागची गाठ वाढून श्वास अडणं जास्त दिसतं, म्हणजे ऑपरेशनची गरज नेमकी अशा मुलांना पडते. आणि धोकाही त्यांनाच जास्त. भुलेखाली प्राणवायू थोडा कमी पडला, अंगातलं पाणी आटलं, अंग गार पडलं, की पेशी वाकड्या होऊन छातीतला गंभीर झटका येऊ शकतो. २०१३ च्या एका चाचणीत ऑपरेशनआधी रक्त न दिलेल्या सिकल रुग्णांत गुंतागुंत ३९ टक्के, दिलेल्यांत १५ टक्के दिसली. फरक इतका ठळक की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. टॉन्सिलनंतर रक्त गेलं तर अशा मुलाकडे गमवायला मुळातच कमी असतं.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी अभिप्रेत आहे. अभियानाचं काय व्हायचं ते होवो, या तालुक्यातल्या कोणत्याही मुलाला टॉन्सिलसाठी टेबलावर घेण्याआधी सिकलची चाचणी झालेली असावी. अनेक ठिकाणी मात्र सवयीनं बीटी-सीटी लिहून दिली जाते, बोट टोचून रक्त किती मिनिटांत थांबतं ते पाहायचं. तिच्यावरून ऑपरेशननंतर कोण वाहील हे फारसं कळत नाही. त्यापेक्षा पाच प्रश्न उपयोगी: दात काढल्यावर किती वेळ रक्त गेलं, नाक वारंवार फुटतं का, मुका मार लागला की मोठे डाग पडतात का, घरात कोणाला असं आहे का, मुलगी मोठी असेल तर पाळीला फार जातं का.

ऋतूचंही बघावं. टॉन्सिलचं ऑपरेशन उन्हाळ्याच्या सुटीत उरकण्याची आपली पद्धत आहे, शाळा बुडत नाही म्हणून. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४५ च्या घरात असतो. घसा दुखतो म्हणून मूल घोटभर पाणीही गिळत नाही, खपली कोरडी पडते, अंगातलं पाणी कमी होतं. सिकलच्या मुलासाठी तर हा सरळ धोका आहे. दिवाळीची सुटी बरी. पण ती नेमकी कापूस वेचणीत येते, आणि आईबाप रानात असतात.

दुखणं दाबणं हा पाणी पाजण्याचाच भाग आहे. पॅरासिटामॉल ठरल्या वेळेला द्यायचं, मूल रडेपर्यंत थांबायचं नाही. आयबुप्रोफेनबद्दल मत पूर्ण एक नाही. अमेरिकेची २०१९ ची मार्गदर्शिका ते देण्याच्या बाजूची आहे, पण त्याच वर्षीच्या एका चाचणीत ऑपरेशन थिएटरात परत न्यावं लागेल असा रक्तस्राव आयबुप्रोफेनवर २.९ टक्के, पॅरासिटामॉलवर १.२ टक्के आला. रुग्णालय दूर असलेल्या घरी मी पॅरासिटामॉलवर भागवावं म्हणेन. अॅस्पिरिन तर अजिबात नाही. कोडीन नाही, काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिनमध्ये रूपांतर इतकं झपाट्यानं होतं की श्वास थांबतो. २०१३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं टॉन्सिलनंतर मुलांना ते देण्यावर बंदीचा इशारा दिला.

आणि तरी रात्री रक्त आलंच तर? लहान मूल ते थुंकत नाही, गिळतं. झोपेत सारखं गिळणं, अस्वस्थ होणं, मग काळपट उलटी. ती उलटी दिसते तेव्हा पोटात बरंच गेलेलं असतं. बसवून पुढं झुकवायचं, आडवं झोपवायचं नाही, खायला द्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा. थोडं येऊन आपोआप थांबलं तरी जायचं, कारण थोडा रक्तस्राव अनेकदा मोठ्याची वर्दी असतो. पांढरकवड्याच्या रुग्णालयानं करायचं ते साधं आहे: जाड सुई, सलाईन, रक्तगट, जुळवणीसाठी नमुना, ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड. समजूतदार मोठ्या रुग्णात गुठळी काढून, अॅड्रेनॅलिनमध्ये भिजवलेली गॉझ लांब चिमट्यानं खड्ड्यावर बाहेरच्या अंगाला दाबून धरता येते. मुलाला त्यासाठी बहुधा भूलच लागते, आणि ती सोपी नसते. पोट रक्तानं भरलेलं, घशात दिसत नाही, नाडी वेगानं चाललेली. म्हणून निर्णय लवकर घ्यायचा आणि निघण्याआधी पुढं फोन करून थिएटर तयार ठेवायला सांगायचं. घरी सोडतानाच्या कागदावर एवढा मजकूर मराठीत असावा, गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या घराला तो तोंडी समजावलेला असावा, आणि गाव तासाभराहून लांब असेल तर पहिले दहा दिवस मुलाची सोय शहरातल्या नातेवाइकाकडे होते का हे ऑपरेशनची तारीख देण्याआधी विचारलेलं असावं.

अमेरिकी मार्गदर्शिका प्रत्येक सर्जनाला सांगते की आपल्या रुग्णांतले किती वाहिले हे वर्षातून एकदा तरी मोजा. स्वीडनमध्ये त्यासाठी १९९७ पासून राष्ट्रीय नोंदवही आहे. आपल्याकडे एखाद्या सर्जनानं प्रामाणिकपणे मोजलं तरी आकडा चुकतो, कारण नागपुरात ऑपरेशन झालेलं पाटणबोरीचं मूल आठव्या रात्री आदिलाबादला पोचतं, तिथं बरं होतं आणि मूळ सर्जनाच्या लेखी ते कधी वाहिलंच नाही. मग तो पुढच्या पालकांना ‘आमच्याकडे रक्त जात नाही’ असं सांगतो आणि त्यात खोटं बोलत नाही. हे दुरुस्त करायला नोंदवही उभी राहायची वाट पाहायला नको. अकराव्या दिवशी सर्जनाच्या दवाखान्यातून घरी एक फोन जावा, त्यात दोनच गोष्टी विचाराव्यात: रक्त आलं होतं का, आणि आलं तेव्हा कुठं नेलं.